फकीरचंद कोहली आणि भाऊसाहेबांची किल्ली

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, 'फकीरचंद कोहली : कारकीर्द आणि उच्च शिक्षणाला हातभार'. पंचेचाळीस मिनिटांचं ठरलं होतं, त्यातली बारा माझी ओळख करून देण्यात गेली. त्या ओळखीत मी संगणकतज्ज्ञ झालो. खरं तर मी विजेचा मास्तर. टीसीएस ही टाटांची सॉफ्टवेअर कंपनी नावारूपाला आणणारे कोहलीही मूळचे वीजवालेच, आमच्यात साम्य तेवढंच.

त्यांच्याकडे जाण्याआधी एका कुलपाची गोष्ट सांगतो. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या कॉलेजला (नाव नको, तिथले दोघे पुढच्या रांगेत बसलेत) एका कंपनीनं दहा संगणक दिले. नारळ झाला, शाल झाली, संगमरवरी पाटी झाली. पाटीवर पाहुण्यांचं आडनाव चुकलं, ती पुन्हा कोरून येईपर्यंत खोली बंद. मग एसी बसला, दाराशी पायपुसणं आलं आणि वर फलक, 'पादत्राणे बाहेर काढावीत'. देवळात निदान दर्शन तरी होतं!

किल्ली डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे कॉलेजच्या सामानाची नोंदवही, सांभाळणाऱ्या भाऊसाहेबांकडे. त्यांचीही चूक नव्हती. काही हरवलं तर भरपाई त्यांच्या पगारातून. त्यांनी दहाही यंत्रांना निळ्या खोळी शिवून घेतल्या. माझ्या एका विद्यार्थ्याला लिहिलेला प्रोग्रॅम चालवून बघायचा होता. पोरानं तीन अर्ज दिले. तिसऱ्यावर शेरा आला, 'वापराचे प्रयोजन स्पष्ट करावे.' पावसाळा सरला नि दार उघडून बघतो तर काय, आतले माऊस भाऊसाहेबांनी जपले होते, पण बाहेरच्या उंदरांनी केबली खाल्ल्या होत्या.

दाता कुठे होता? तो फोटो काढून गेला, तो परत आलाच नाही. माझं दुखणं हेच, आणि कोहलींचं कौतुकही इथूनच सुरू होतं.

...चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, पळतो आता.

जन्म १९२४, पेशावर. शिक्षण लाहोर, मग कॅनडातलं क्वीन्स, मग अमेरिकेतलं एमआयटी. १९५१ मध्ये टाटा इलेक्ट्रिकमध्ये आले. वीज कुठून किती सोडायची याचा हिशेब संगणकावर आणायच्या खटपटीत पडले, आणि १९६९ मध्ये नवख्या टीसीएसची जबाबदारी गळ्यात आली. १९८१ मध्ये टाटांचं संशोधन केंद्र पुण्यात उभं राहिलं, त्यामागेही तेच. पद्मभूषण २००२. झाली कारकीर्द! टीसीएसवर बोलायला रात्र पुरणार नाही.

आता हातभार. आयआयटी कानपूर उभी राहत होती, डॉ. केळकर संचालक. कोहली कामासाठी अमेरिकेला जात, तेव्हा तिथल्या भारतीय तरुणांना भेटून प्राध्यापकीसाठी चाचपत. यात चेकबुक कुठे आलं? गेली ती त्या माणसाची संध्याकाळ.

आणि आपलं सीओईपी, पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज. १८५४ पासूनचं, विश्वेश्वरय्या शिकले ते. त्याला स्वायत्तता मिळाली, तेव्हाच्या काळात नियामक मंडळाचे अध्यक्ष कोण? ऐंशीच्या घरातले कोहली. या वयात आपण नातवाच्या शाळेच्या गॅदरिंगलाही कुरकुरतो. आयआयट्यांचं कौतुक पुरे, बाकीच्या कॉलेजांत शिकणाऱ्या लाखो पोरांचं काय, हा त्यांचा जुना हेका. नियामक मंडळाच्या बैठकीत काय असतं हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. रिक्त पदं, अभ्यासक्रम, मागच्या सभेचं इतिवृत्त. त्यात ना शाल, ना नारळ. तिथं बसायची तयारी...

दुसरी चिठ्ठी. माइकवालाही बघतोय.

एक राहिलंच. प्रौढ साक्षरतेसाठी कोहलींनी संगणकावरचा अभ्यासक्रम करवून घेतला, चाळीसेक तासांत माणूस वाचायला लागेल असा. अक्षरं घोकायची नाहीत, चित्रावरून अख्खा शब्द ओळखायचा. आणि तो चालायचा कशावर, तर कंपन्यांनी मोडीत काढलेल्या '४८६' जातीच्या जुन्या संगणकांवर. आमच्या निळ्या खोळींतली यंत्रं त्यांना सहज चालली असती.

भाऊसाहेबांनी अर्थात अर्ज मागितला असता. चहा बाहेर आहे म्हणतायत, चला.