काळी तीनपासून

नमस्कार मंडळी! घरात पेटी असेल तर आत्ता जरा जवळ ओढा, नसेल तर मोबाईलवर पियानोचं एखादं ॲप उघडा, तेही चालेल. काळी तीन दाबा, म्हणजे तीन काळ्यांच्या जुडीतली पहिली. आता पांढऱ्यांना अजिबात हात न लावता चार, पाच, आणि मग वरच्या सप्तकातली एक आणि दोन. सा रे ग प ध. झाला की नाही भूप राग?

पेटी शिकणाऱ्याला हे कुणी ना कुणी दाखवतंच, मलाही दाखवलेलं. पण हीच गंमत पकडून पॅरिसमधल्या एका माणसाने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी पियानोचा एक तुकडा लिहिलाय हे मला परवा-परवापर्यंत माहीत नव्हतं, आणि कळलं ते पण कसं, तर भाची पियानो शिकते, तिला क्लासमध्ये चार हातांनी वाजवायचा एक पीस दिला होता, म्हणजे एकाच पियानोवर दोघांनी शेजारी बसून वाजवायचं, आणि जोडीदार मिळेना म्हणून मला धरून बसवलं. मामा, तू फक्त खालचं वाजव, सोप्पंय म्हणाली. सोप्पं कसलं डोंबलाचं!

तर हा पीस मॉरिस राव्हेलचा. त्याची 'बोलेरो' बऱ्याच जणांनी ऐकली असेल, हा मात्र आपल्याकडे फारसा कुणी ऐकत नाही. 'मा मेर ल्वा' नावाचा पाच छोट्या तुकड्यांचा संच आहे, परीकथांवरचा, त्यातला हा तिसरा, नाव 'लेदरोनेत, पॅगोडांची सम्राज्ञी'. इथे पॅगोडा म्हणजे देऊळ नव्हे हां, मी पण तेच समजलो होतो. मादाम दोन्वा नावाच्या लेखिकेची जुनी फ्रेंच गोष्ट आहे, शाप लागून कुरूप झालेल्या राजकन्येची, त्यात पॅगोडा म्हणजे जिवंत झालेल्या इवल्याइवल्या चिनी धाटणीच्या बाहुल्या. राजकन्या आंघोळीला उतरली की ही मंडळी गायला-वाजवायला लागतात, आणि वाद्यं कसली, तर कुणाचं अक्रोडाच्या कवचाचं, कुणाचं बदामाच्या. राव्हेलने त्या गोष्टीतल्या ह्याच ओळी स्वरलिपीच्या माथ्यावर छापल्यात.

सुरुवातीला वरचा भाग वाजवणाऱ्याची बोटं काळ्या पट्ट्यांवरच पळत असतात. भाची सुरू झाली आणि मी हात वर धरून नुसता ऐकत राहिलो, माझी एंट्री गेली, शिव्या खाल्ल्या. कारण कान म्हणत होता भूप, भूप, आणि दुसऱ्या क्षणी म्हणत होता छे, हा कसला भूप! भूपात आपण गंधारावर थांबतो, ग रे, प ग, ध प असं हळूहळू उलगडत जातो. हेच पाच स्वर घेऊन धैवताला मान दिला की देसकार होतो, म्हणजे नुसत्या स्वरांनी आपल्याकडे राग होतच नाही. राव्हेलला ह्यातलं काहीच करायचं नाहीये, त्याचे स्वर टपटप टपटप खाली पडतात, अंगणात रिठे सांडावेत तसे.

आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, पियानोवर नाही ह्याची त्याला काही खंतही नाही. ह्याच कारणावरून आपल्याकडे पेटीने किती ऐकून घेतलंय! आकाशवाणीने १९४० मध्ये बंदी घातली ती १९७१पर्यंत उठली नाही. राव्हेलला मात्र आघातच हवा होता. १८८९ला पॅरिसमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, आयफेल टॉवर उभारला तेच, तिथे जावाचे वादक गॅमेलान घेऊन आले होते, म्हणजे काशाच्या घंटा, झांजा, पट्ट्या असा ठोकून वाजवायचा अख्खा ताफाच. द्यबुसी हा दुसरा फ्रेंच संगीतकार त्या आवाजाने पार वेडावला होता, १९०३चं त्याचं 'पागोद' ऐका म्हणजे कळेल. राव्हेल तेव्हा चौदा वर्षांचा. आता गॅमेलानचे पाच स्वर पियानोच्या पट्ट्यांवर तंतोतंत बसत नाहीत, त्यामुळे हे अस्सल जावा पण नाही आणि अस्सल चीन तर नाहीच, पॅरिसमधल्या कपाटातला खेळण्यातला चीन आहे. मला तरी तो खोटेपणा गोड वाटतो, गोष्टच बाहुल्यांची आहे ना.

मधे मात्र सगळं एकदम निवांत होतं. लांब लांब स्वर, खाली कुठेतरी मोठी घंटा घुमल्यासारखी. तिथे खरी मजा खालच्या वादकाला, म्हणजे मला!

राव्हेलने हा संच लिहिला गोदेब्स्की नावाच्या मित्राच्या दोन मुलांसाठी, मिमी आणि झाँ. पण लोकांसमोर वाजवायची त्यांची काही तयारी नव्हती, आणि एप्रिल १९१०मध्ये पॅरिसला पहिल्यांदा वाजवलं ते दुसऱ्याच दोन लहान मुलींनी. पुढे राव्हेलनेच ह्याचा ऑर्केस्ट्रा केला, त्यात झायलोफोन, चेलेस्टा असा सगळा थाट आहे, आणि जास्त वाजतो तोच. मला विचाराल तर चार हातांचाच ऐका, त्यात बोटांची धांदल ऐकू येते.

आणि हो, पेटी अजून समोर आहे ना? त्याच पाच काळ्या, फक्त सा बदला. काळी चारला सा धरा, मध्यमाद सारंग. पाचला मालकंस. एकला दुर्गा, दोनला धानी. आमच्याकडे त्या दिवशी राव्हेल बाजूलाच राहिला आणि तासभर हेच चाललं, भाची म्हणे मामा हे आधी का नाही सांगितलंस, आणि क्लासला जायची वेळ झाली तेव्हा माझा खालचा भाग अजून पाठ नव्हताच.

चला, आता पीसच ऐकू, साडेतीन मिनिटांचा तर आहे. पेटीवरचा हात काढू नका, वरचा वादक सुरू झाला की काळी तीन हळूच धरून ठेवा.