धडधडीचा आळ एकट्या चहावर नको

(हृदय आणि आहार या विषयावर एका फिजिशियनने दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आत्ता सभागृहात शिरताना दारातच एका आजींनी मला गाठलं. "डॉक्टर, भाषण नंतर करा. आधी एवढंच सांगा, चहा सोडू का नको?" आजींची छाती अधूनमधून धडधडते आणि घरच्यांनी एकमताने त्यांचा चहा बंद केलाय. मी म्हटलं, आजी, पहिल्या रांगेत बसा, आजचं सगळं बोलणं तुमच्याच प्रश्नावर आहे.

आपण म्हणतो ना, काळजाचा ठोका चुकला. दवाखान्यात हे वाक्य मी रोज ऐकतो. पण ठोका बहुतेक वेळा चुकलेला नसतो, तो घाईने आधीच पडलेला असतो. हृदय रक्ताने पुरतं भरायच्या आतच तो पडतो, म्हणून इतका क्षीण असतो की जाणवतही नाही. मग हृदय क्षणभर थांबतं. त्या थांबण्यात नेहमीपेक्षा जास्त रक्त भरतं, आणि पुढचा ठोका जोरात बसतो. छातीत 'धप्प' होतं ते या पुढच्या ठोक्याचं. रात्री डाव्या कुशीवर झोपल्यावर ते जास्त जाणवतं, कारण हृदय छातीच्या भिंतीला टेकतं आणि आजूबाजूला शांतता असते. हृदयाचे दिवसाला साधारण एक लाख ठोके पडतात. ठणठणीत माणसाला चोवीस तासांचं हॉल्टर मशीन लावलं तरी त्यात असे दहा-वीस घाईचे ठोके सहज सापडतात.

पण सगळी धडधड अशी नसते. म्हणून मी पेशंटला सांगतो, बोलू नका, टेबलावर बोटांनी वाजवून दाखवा. कुणी टक, टक, टक... टक-टक... धप्प असं वाजवतं. तो घाईचा ठोका. कुणी एका लयीत भराभर वाजवतं, आणि मी विचारतो, हे हळूहळू वाढतं का बटण दाबल्यासारखं सुरू होतं? हळूहळू वाढून हळूहळू उतरत असेल तर ताप, भीती, जिना, रक्त कमी असणं यांच्याकडे बघायचं. बटण दाबल्यासारखं सुरू होऊन तसंच बंद होत असेल तर हृदयातल्या विजेच्या वायरिंगकडे. आणि काही जण वाजवायला लागतात आणि त्यांना तालच सापडत नाही. भजनात टाळकऱ्यांचा ठेका पार बिघडावा तसं. अशा माणसाचा ईसीजी मी त्याच मिनिटाला काढतो, कारण ते एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय पार विस्कटणं, असू शकतं, आणि त्यात हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे जायची भीती असते.

आता चहाकडे येऊ. आपल्या शरीरात अ‍ॅडेनोसीन नावाचा पदार्थ असतो. जागेपणी तो मेंदूत साठत जातो आणि आपल्याला 'बस कर आता' म्हणतो. कॅफीनची घडण त्याच्यासारखी असते, त्यामुळे ते अ‍ॅडेनोसीनच्या खुर्चीत जाऊन बसतं आणि खरा मालक उभा राहतो. म्हणून तरतरी येते. त्याच वेळी थोडं अ‍ॅड्रिनलीन वाढतं, आणि सवय नसलेल्याला ते छातीत कळतं. कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री दहाला अंगातच असतं. गरोदरपणात याहून बराच जास्त वेळ लागतो, गर्भनिरोधक गोळ्यांवरही लागतो. लघवीच्या संसर्गासाठी सर्रास दिलं जाणारं सिप्रोफ्लॉक्सासिनसुद्धा कॅफीनचा निचरा अडवतं. "नेहमीचाच चहा घेतला, पण या आठवड्यात हात थरथरले आणि छाती धडधडली" असं कुणी सांगितलं, की मी आधी कुठलं अँटिबायोटिक चालू आहे ते विचारतो.

किती चालेल? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेतर्फे (आयसीएमआर) २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात १५० मिलिलिटरच्या कपाला धरून आकडे आहेत: चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, आणि पावडर उकळून किंवा गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२०. दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका असं त्या सांगतात. टपरीवरचं कटिंग म्हणजे याच्या निम्म्याच मापाचं. दोन-तीन कप चहा पिणारी आजी या मर्यादेत आरामात बसते.

आणि कॉफीने खरंच लय बिघडते का, हे आता प्रत्यक्ष प्रयोग करून तपासलेलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोत १०० निरोगी लोकांना चौदा दिवस छातीवर मॉनिटर लावून कधी कॉफी प्यायला, कधी टाळायला सांगितलं. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले घाईचे ठोके कॉफीने वाढले नाहीत. खालच्या कप्प्यांतले वाढले, दिवसाला १०२ वरून १५४ झाले. लाखात पन्नास. कॉफीच्या दिवशी लोक हजारभर पावलं जास्त चालले, आणि अर्ध्या तासाहून थोडं जास्त कमी झोपले. मला यात त्या ठोक्यांपेक्षा गेलेल्या झोपेची काळजी जास्त वाटते. २०२५ मध्ये दुसरा अभ्यास आला, तो तर एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांवर होता. कॉफीची सवय असलेले २०० रुग्ण, शॉक देऊन लय पूर्ववत केलेले. निम्म्यांना रोज निदान एक कप कॉफी घ्यायला सांगितलं, निम्म्यांची बंद केली. सहा महिन्यांत कॉफी पिणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांचा त्रास परत आला, आणि सोडणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांचा. आम्ही डॉक्टर वर्षानुवर्षं सरसकट कॉफी बंद करायला सांगत आलो, त्याचा फेरविचार करायला लावणारा हा निकाल आहे. याचा अर्थ औषध म्हणून कॉफी सुरू करा असा नाही. आणि एखाद्याला कपभर कॉफीनेही खरंच त्रास होतो, त्याने ती घेऊ नये, तिथे कुठल्याही अभ्यासाची गरज नाही.

मग धडधड येते कुठून? माझं म्हणणं असं, की कपावर आळ घेण्याआधी कपाच्या आजूबाजूला काय आहे ते बघा.

एक मावशी आल्या होत्या, वय चाळीस-बेचाळीस, ऊसतोडीला जाणाऱ्या. "जिना चढलं की काळीज हातात येतंय बघा." चहा? दिवसाला पाच-सहा वेळा. त्यांच्याबरोबर आलेली सून म्हणाली, चहानेच होतंय. मी मावशींना त्यांची सकाळ सांगायला लावली. पहाटे चारला उठायचं. उठल्या उठल्या मिसरी लावायची, बोटाने हिरड्यांवर पंधरा-वीस मिनिटं. मग कपभर गोड चहा, पोटात दुसरं काही नाही. भाकरी थापायच्या, सगळ्यांचे डबे बांधायचे, स्वतः फडावर दहाला खायचं. आणि खाल्ल्यावर लगेच परत चहा. व्यसन काही आहे का, असं मी सुरुवातीला विचारलं होतं, तेव्हा त्या "नाही" म्हणाल्या होत्या. खोटं बोलल्या नव्हत्या. मिसरीला, कोकणात जिला मशेरी म्हणतात तिला, आपल्या बायका व्यसन धरतच नाहीत, दात घासणं धरतात. पण तो भाजलेला तंबाखू आहे. हिरड्यांतून निकोटीन थेट रक्तात जातं, नाडी वाढवतं, रक्तदाब वाढवतं. मी त्यांची खालची पापणी ओढून बघितली, आतली बाजू पांढरट, जवळपास कागदासारखी. हिमोग्लोबिन निघालं ७.२, म्हणजे फारच कमी. पाळी आठ-आठ दिवस जात होती, हे कुणी विचारलंच नव्हतं.

रक्तात ऑक्सिजन वाहणारा माल कमी, म्हणून हृदयाला फेऱ्या जास्त माराव्या लागत होत्या. धडधड हा त्या फेऱ्यांचा आवाज होता. आणि चहाचा यात खरोखर एक दोष होता, पण वेगळाच. चहातलं टॅनिन अन्नातल्या लोहाला पकडून ठेवतं, आतड्याला घेऊ देत नाही. बाजरीची भाकरी, मेथी, हरभरा यांतून मिळणारं थोडंफार लोह जेवणावरच्या चहाने वाया जात होतं. पोषण संस्थाही हेच सांगते, जेवणाआधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी नको. आम्ही चहा बंद केला नाही. तो जेवणापासून लांब नेला, लोहाच्या गोळ्या लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर दिल्या, पाळीवर उपचार केले. मिसरी सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे या सभागृहातल्या निम्म्याहून जास्त लेकी-सुनांना. धडधडते म्हणणाऱ्या बाईला "टेन्शन घेऊ नका" सांगून परत पाठवणं मला अपराध वाटतो. आधी रक्त तपासा, थायरॉईड तपासा.

थायरॉईडवरून आठवलं. हल्ली केस गळू नयेत म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि गोड गमीज घेतात. शरीराची गरज दिवसाला ३०-४० मायक्रोग्रॅमची. या गोळ्यांत पाच-दहा हजार मायक्रोग्रॅम असतं. बायोटिनने छाती धडधडत नाही, पण बऱ्याच प्रयोगशाळांच्या तपासणीच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रिपोर्ट चुकतो. थायरॉईड ठीक असताना तो वाढल्यासारखा दिसतो. आधीच घाबरलेल्या मुलीच्या हातात असा रिपोर्ट पडतो, आणि नको ते औषध सुरू व्हायची वेळ येते. तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन थांबवा, आणि घेत असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सांगा, हाच शब्द मला ठासून म्हणायचाय. गोळ्या कुठल्या चालू आहेत विचारलं की लोक बीपीची सांगतात, शुगरची सांगतात. जिममधल्या डब्यातली पावडर सांगत नाहीत, कारण ती 'गोळी' नाही. व्यायामाआधी घ्यायच्या काही पावडरींच्या एका चमच्यात १५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असतं, आणि ते पोरगं रिकाम्या पोटी एका घोटात घेतं. वजन उतरवणाऱ्या कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामीन सापडलेलं आहे. हृदयाला धोका म्हणून ज्या औषधावर आपल्याकडे २०११ मध्ये बंदी आली, ते 'हर्बल' लेबलाखाली. माशाच्या तेलाचंही असंच. हृदयासाठी चांगलं म्हणून घेतात, पण ८१ हजार लोकांच्या सात चाचण्या २०२१ मध्ये एकत्र तपासल्या तेव्हा या तेलातलं ओमेगा-३ दिवसाला एक ग्रॅमपेक्षा जास्त घेणाऱ्यांत एट्रियल फिब्रिलेशनचा धोका जवळजवळ दीडपट निघाला. ताटातला बांगडा खुशाल खा. कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारून.

आणि आपल्या घरातलं ज्येष्ठमध. खोकल्याला दोन दिवस काडी चघळली तर काही बिघडत नाही. पण रोज, महिनोन्‌महिने काढा घेतला तर त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरातलं पोटॅशियम लघवीवाटे घालवतं आणि रक्तदाब चढवतं. पोटॅशियम घसरलं की हृदयाची लय जिवावर बेतेल इतकी बिघडू शकते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधला ५४ वर्षांचा एक माणूस रोज दीड पाकीट ज्येष्ठमधाच्या गोळ्या खात होता, आणि त्यातच तो गेला. २०२० मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर जास्तच जपा, तीही पोटॅशियम घालवते. उलट बाजूही सांगतो. पोटॅशियम म्हणून शहाळ्याचं पाणी आणि 'लो सोडियम' मीठ सगळ्यांना चालत नाही. किडनीचा त्रास असलेल्याच्या अंगात ते साठतं, आणि तेही तितकंच घातक.

उपवासाच्या दिवशी धडधड वाढते असं खूप जणी सांगतात. दिवसभर चहावर राहायचं, पाणी कमी, रात्री भरपेट साबुदाणा. तिथे उपवास सोडा असं मी म्हणत नाही. ताक घ्या, फळ घ्या, पाणी प्या, चहा रिकाम्या पोटी नको. दारूबद्दल एवढंच, की लय बिघडवणाऱ्या खाण्यापिण्याच्या गोष्टींत सगळ्यात भक्कम पुरावा तिच्याविरुद्ध आहे, चहाविरुद्ध नाही.

"गॅस वर चढलाय, म्हणून धडधडतंय." हे वाक्य मला सगळ्यात जास्त भीती घालतं. पोट तट्ट फुगल्यावर घाईचे ठोके येऊ शकतात, हे खरं. पण गॅस समजून सोडा पीत रात्र काढलेली माणसं मी सकाळी हार्ट अटॅकमध्ये बघितली आहेत.

तर आजी, तुम्ही चहा सोडू नका. दोन आठवडे एक वही ठेवा. धडधडलं की वेळ लिहा, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं, झोप किती झाली, सर्दीची कुठली गोळी घेतली, कारण त्यातल्या काहींतही कॅफीन असतं. मनगटावर अंगठ्याखाली दोन बोटं ठेवून मिनिटभर नाडी मोजा आणि आकडा लिहा. ती वही घेऊन या. पण धडधडताना डोळ्यांपुढे अंधारी आली, शुद्ध गेली, छातीत दुखलं, दम लागला, तर वही बाजूला टाका आणि १०८ ला फोन करायला सांगा. पळताना-खेळताना धडधडून कुणी पडलं असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर त्यांनी दोन आठवडेही थांबू नका, उद्या सकाळी ईसीजी काढा.