ब्लॉक मोठा, गाडी तीच

(चाळीसगावच्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेलं भाषण, थोड्या संपादनासह.)

मंडळी, नमस्कार. बाहेरच्या फळ्यावर खडूनं आजचा विषय लिहिलाय, "बोअर वाढवल्याने काय होते?" आत येताना एका काकांनी मला अडवलं. म्हणाले, "भो, किती फुटावर पानी लागनं?" त्यांचं काही चुकलं नाही. आपल्या खान्देशात, त्यातून यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात, बोअर म्हटलं की माणूस आधी जमिनीकडेच बघतो. मी ज्या बोअरबद्दल बोलणार आहे तो ५० मिलिमीटरचा आहे. टपरीवरच्या कटिंगच्या ग्लासाच्या तोंडाएवढा. म्हणजे मोटरसायकलच्या ब्लॉकचं, पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याचं, भोक.

पण सुरुवात काकांच्या शेतापासूनच करू. विहिरीवरची ५ एचपीची मोटार काढली आणि साडेसातची बसवली. पाईप तोच, केबल तीच, स्टार्टर तोच. पाणी दीडपट येतं का? थोडं वाढतं. मग केबल हाताला गरम लागते, आणि एक दिवस स्टार्टरच्या पेटीतून जळका वास येतो. मोटरसायकलला मोठं ब्लॉक-पिस्टन किट लावणं पुष्कळसं असंच आहे. माझ्या गॅरेजात दर उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन-चार पोरं येतात, मोबाईलवर व्हिडिओ दाखवतात आणि म्हणतात, "सर, किट लावून द्या, गाडी पयाले पाहिजे." गाडी पळायला पाहिजे. त्या पळण्यात नेमकं काय बदलतं, एवढंच मी आज सांगणार आहे.

आधी थोडं गणित. घाबरू नका, ते आपल्या गावचंच आहे. इथून जवळ, पाटण्याला, १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला त्याची ती नोंद. त्या भास्कराचार्यांनी वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायची रीत देऊन ठेवलीय : परिघ गुणिले व्यास, भागिले ४. व्यास दोनदा येतो, कारण परिघातही व्यासच लपलेला असतो. म्हणून बोअर थोडा वाढला की जागा बरीच वाढते. जुन्या स्प्लेंडरचा पिस्टन ५० मिमीचा आणि त्याची वरखाली चाल, म्हणजे स्ट्रोक, ४९.५ मिमीचा. आले ९७.२ सीसी. आता चाल तीच ठेवून पिस्टन ५६ चा घाला. व्यासात ६ मिलिमीटर, करंगळीच्या नखापेक्षा कमीच. सीसी झाले जवळजवळ १२२. पंचवीस टक्के वाढ! पोरांना हा आकडा सांगितला की त्यांचे डोळे चमकतात. ८५ ला पळणारी गाडी आता १०५ ला पळणार, असा हिशेब ते मनात करून टाकतात.

तिथेच गोम आहे. वेग वाढला की हवेचा अडथळा भयंकर वाढतो. दुप्पट वेगाला ताकद आठपट लागते. उलटा हिशेब मांडा : ताकद पंचवीस टक्के वाढली तर टॉप स्पीड वाढतो सात-आठ टक्के. ८५ ची ९१-९२. तेही ताकद खरोखर पंचवीस टक्के वाढली तर, आणि ती तेवढी वाढत नाही.

का वाढत नाही? सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा बघणारी जाणती माणसं तुम्ही पाहिली असतील. पायाच्या नळ्या बघतात, दात बघतात, छाती बघतात आणि मग नाकपुड्या बघतात. छाती रुंद आणि नाकपुड्या बारीक, असं जनावर चार पावलं जोरात जाईल, लांब धावेल कसं? किटमध्ये आपण छाती वाढवतो. नाकपुड्या म्हणजे व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरचं तोंड, सायलेन्सरची नळी. त्या जुन्याच राहतात. इंजिन हळू फिरत असतं तेव्हा त्याच नाकपुड्यांतून हवा आत यायला वेळ मिळतो, ब्लॉक पुरता भरतो आणि पिस्टनवर दणका चांगला बसतो. वेगात फिरायला लागलं की श्वास अपुरा पडतो. म्हणून किट लावलेली गाडी लवकर उठते आणि लवकर दमते. चालवताना कळणारा सगळ्यात मोठा फरक तो हाच.

कंपनीने सगळं नीट जुळवून केलं तरी काय होतं, त्याचं उदाहरण रॉयल एनफिल्डच्या मागच्या पिढीतल्या दोन क्लासिक गाड्या. ३५० चा पिस्टन ७० मिमी, ५०० चा ८४, स्ट्रोक दोघींचा ९०. सीसी ३४६ चे ४९९, म्हणजे ४४ टक्के जास्त. टॉर्क, म्हणजे आपण ज्याला खेच म्हणतो ती, २८ वरून ४१.३ न्यूटन मीटर. सीसीच्या बरोबरीने वाढली. पण हॉर्सपॉवर १९.८ वरून २७.२, म्हणजे ३७ टक्केच. आणि त्या ५०० ला कंपनीने पेट्रोलसाठी फ्युएल इंजेक्शन दिलं होतं. आपल्याकडे पोरगा फक्त ब्लॉक-पिस्टन आणि पॅकिंग घेऊन येतो.

आता मी हे सगळं नुसतं वाचून सांगत नाहीये. २००३ च्या मे महिन्यात माझ्या स्वतःच्या शंभर सीसीच्या गाडीला मी असंच ५६ चं किट लावलं होतं. तेव्हा वय कमी आणि हौस जास्त. लेथवाल्याकडून फिटिंग करून घेतलं, कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, एक नंबर मोठा घातला आणि संध्याकाळी स्टेशन रोडला चक्कर मारली. खोटं कशाला बोलू, मजा आली. क्लच सोडला की गाडी मुकाट्याने पुढे. चौथ्या गिअरमध्ये तीसवर आलो, तरी थरथर नाही, गिअर पाडायला नको. गतिरोधक ओलांडून परत ॲक्सिलेटर दिला की मागून कुणी तरी ढकलल्यासारखी उठायची. आवाजही बदलला, जरा जाड झाला. किक मात्र जड झाली. आई म्हणाली, "याला काय झालं, पाय का आपटतोस?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं जण कन्नडच्या घाटात. औट्रम घाट तुम्हाला मी काय सांगणार? जुनी गाडी दोघांना घेऊन पहिल्याच वळणानंतर दुसरा गिअर मागायची. ही तिसऱ्यात चढत होती. मागे बसलेला मित्र माझ्या पाठीवर थापा मारत होता. वर, शेवटच्या वळणांच्या आधी, ऊसाचा ट्रक नव्हे, मे महिन्यात कुठला ऊस, कसल्या तरी गोण्यांचा ट्रक पुढे आला. ओव्हरटेकला जागा नाही. पाचेक मिनिटं त्याच्या धुरात, माणूस चालेल त्या वेगाने. मग जागा मिळाली, मी पूर्ण ॲक्सिलेटर दिला, आणि इंजिनचा आवाज घुसमटला. कुणी तरी गळा दाबावा तसा. पुढच्या क्षणी मागचं चाक जाम. टायर ओरडला. नशीब एवढंच की बोटं क्लचवर होती.

गाडी कडेला घेतली. इंजिनमधून टिक टिक आवाज येत होता, थंड होणाऱ्या पंख्यांचा. पंखे म्हणजे ब्लॉकवरच्या त्या पातळ कडा. अर्ध्या तासाने किक मारली तर पाय खाली गेला, पण आत खरवडल्यासारखं झालं. तसेच न्यूट्रलमध्ये घाट उतरून घरी आलो. येताना उतार होता म्हणून वाचलो.

ब्लॉक उघडला तेव्हा पिस्टनवर चार उभे ओरखडे होते, पिनच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. जाणता मेकॅनिक ते बघूनच सांगतो की पिस्टन ब्लॉकपेक्षा लवकर फुगला आणि आत चिकटला. पिस्टन ॲल्युमिनियमचा, ब्लॉकच्या आतली बाही बिडाची. ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. म्हणून दोघांमध्ये केसाहून बारीक फट ठेवतात. माझ्या किटमध्ये फट ठेवली होती ती जुन्या, लहान पिस्टनच्या हिशेबाने. मोठा पिस्टन जास्त फुगणार हे लेथवाल्याने धरलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यात मी रनिंग केलंच नव्हतं. नवीन ब्लॉक-पिस्टनला पहिले काही शे किलोमीटर सबुरीने चालवायचं असतं. मी ६० किलोमीटरवर घाटात घातली.

आणि ऊन. आपल्या ऊन्हाचा हिशेब किट बनवणाऱ्याच्या कागदावर नसतो. समजा ब्लॉकचं तापमान १५० अंश आहे. जानेवारीत पहाटे धुळ्याला हवा १० अंश असली तर फरक १४० चा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला ४५ असली तर फरक १०५ चा. हवेवर थंड होणारं इंजिन या फरकावरच उष्णता सोडतं. म्हणजे उन्हाळ्यात त्याची थंड व्हायची ताकद चौथ्या हिश्श्याने कमी. इकडे आपण जाळ वाढवून बसलोय आणि पंखे तेवढेच. ट्रकच्या मागे तर वाराही नाही.

अजून एक गोष्ट आत लपलेली असते. पिस्टन वर येऊन हवा-पेट्रोल दाबतो ती जागा, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणातली, हेडमधली वाटी, किट लावल्यावर तीच राहते. समजा आधी ९ ला १ दाब होता. ९७ सीसीला वाटी झाली साधारण १२ सीसीची. आता त्याच १२ मध्ये १२२ दाबायचे. दाब झाला ११ ला १. साध्या पेट्रोलवर, आपल्या उन्हात, चढावर, इंजिन टकटक करायला लागतं. ठिणगी वेळेवर पडायच्या आतच किंवा पडल्यावर भलत्याच कोपऱ्यात पेट्रोल पेट घेतं. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. तो आला की ॲक्सिलेटर सोडायचा आणि गिअर पाडायचा. पोरं उलट जास्त पिळतात. किट लावायचंच तर पिस्टनचा माथा खोलगट घ्या किंवा जाड पॅकिंग घाला, म्हणजे दाब खाली येतो.

प्लगचा रंग बघायची सवय लावा. तपकिरी, दुधाच्या चहासारखा असला तर बरोबर. पांढुरका असला तर पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन आतून भाजतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. हे कार्ब्युरेटरच्या गाड्यांचं. १ एप्रिल २०२० नंतरच्या, धुराच्या नव्या नियमांच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांना जेटच नाही. तिथे इंजिनला किती पेट्रोल द्यायचं हे एक छोटा संगणक ठरवतो, आणि त्याला तुम्ही आत मोठा पिस्टन घातलाय हे कुणी सांगितलेलं नसतं.

बाकीचं भराभर सांगतो. मोठा पिस्टन जड. क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या वरखाली चालीने गोल फिरणाऱ्या दांड्याला, जे वजन समतोलासाठी दिलंय ते जुन्या पिस्टनचं. म्हणून साठच्या पुढे हँडलला मुंग्या येतात, आरशातला माणूस दोन दिसतो, सायलेन्सरची पट्टी तुटते. इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पुढे जात नाही, असं झालं तर क्लच प्लेटा घसरताहेत. घाट उतरताना ॲक्सिलेटर सोडला की इंजिन पूर्वीपेक्षा जोरात रोखतं. कोरड्यात बरं वाटतं, पावसात मागचं चाक उड्या मारतं. ब्रेक मात्र तोच. ८० ऐवजी ९० ने जाणारी गाडी थांबवायला ब्रेकला सव्वापट काम पडतं, हे किटच्या डब्यावर कुणी छापत नाही. ॲव्हरेजचं विचारू नका. माझं घसरलं होतं, आणि त्यात मजा म्हणून दिलेल्या ॲक्सिलेटरचा वाटा मोठा होता.

आणि हो, कायदा. आरसी बुकात सीसी लिहिलेले असतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की त्यात नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शर्यतीच्या ट्रॅकवरची गाडी वेगळी, धुळे रोडवरची वेगळी.

इथे थांबतो. काही विचारायचं असेल तर विचारा.

(एका श्रोत्याने उभं राहून विचारलं : "सर, मी मेहुणबाऱ्याकडून रोज दूध आणतो. दोन बाजूंना दोन कॅन. चढावर गाडी मरते. मला तर शर्यत लावायची नाही. मी किट लावू का नको?")

बसा, बसा. तुमचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे. तुम्हाला वेग नको, खेच पाहिजे. मग ब्लॉकला हात कशाला लावता? पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, १४ दात्यांचं असेल तर १३ चं टाका. मागच्या चाकाला खेच साडेसात टक्क्यांनी वाढेल. ना दाब वाढला, ना उष्णता, ना पिस्टन चिकटायची भीती. नाही पटलं तर अर्ध्या तासात परत १४ चं बसवून देतो. कागदावर टॉप स्पीड मात्र उतरेल, ८५ असला तर ७९. आता मला सांगा, दुधाचे कॅन लावून तुम्ही ८५ ने जाता का?

(ते काही बोलायच्या आत मागच्या खुर्चीवरून त्यांच्या सौभाग्यवतींचा आवाज आला : "जातात.")