बेशरम उपटल्यावर

गोंदिया जिल्ह्यातला अर्जुनी मोरगाव तालुका. समोर जे हिरवंगार दिसतंय, तो तलाव आहे. पाणी शोधू नका, दिसणार नाही. या काठापासून त्या काठापर्यंत बेशरम माजलीय.

फिकट जांभळ्या फुलांचं हे झुडूप मूळचं अमेरिका खंडातलं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. तुटलेलं कांडं चिखलात पडलं, की तिथेच मूळ धरतं. त्याच्या गचपणात जाळं टाकता येत नाही आणि पाण्यातली मूळची झाडोरा-वनस्पतीही मरते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत असे हजारो तलाव आहेत. त्यातले कितीतरी गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधले. मातीची पाळ, पाणी सोडायला तुडूम, जादा पाण्याला सांडवा. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे आले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. पाळीवर दरवर्षी माती टाकायची कोणी, हा प्रश्न मात्र तसाच लोंबकळत राहिला.

आता सरसकट उपाय एकच: पोकलेन लावा, गाळ काढा. गाळ काढायलाच हवा, पण तेवढ्याने तलाव जिवंत होत नाही. यंत्र सगळीकडे सारखंच खोल खणतं. काठाची उथळ पाणथळ जाते, मातीतलं बी जातं. उरतो तो पाण्याने भरलेला खड्डा.

हे ढिवरांना फार आधीपासून ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या या समाजातले पतिराम तुमसरे आणि अभ्यासक मनीष राजनकर यांनी अर्जुनीच्या परिसरात तलाव सावरायला घेतले, तेव्हा सुरुवात झाली ती कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, या माहितीपासून.

काम उन्हाळ्यात चालतं. पाणी ओसरलं की बाया-माणसं कुदळ घेऊन उतरतात. बेशरम वरून कापून भागत नाही. बुंध्याभोवती माती मोकळी करायची, मुळासकट ओढायची, हाताएवढंसुद्धा कांडं मागे ठेवायचं नाही. सगळं तलावाबाहेर नेऊन वाळवायचं. मग तळ नांगरायचा आणि पावसाचं पाणी साचू लागलं, की शेजारच्या चांगल्या तलावातून आणलेल्या पाणवनस्पती लावायच्या. पाण्याखाली हायड्रिला, काठाशी देवधान हा रानटी भात.

इतका खटाटोप कशासाठी? रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना वाहत्या नदीचा पूर लागतो. म्हणून त्यांचं बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. मरळ आणि शिंगूर तलावातच वाढतात, तिथेच अंडी घालतात. मरळीचं जोडपं तर वनस्पतींमध्ये जागा साफ करून अंडी घालतं आणि पिल्लांची राखण करतं. आडोसाच नसेल तर ती राखण करणार कुठे?

झाडोरा परतला की पक्षी येतात. अडई बदकं येतात, कमळपक्षी तरंगत्या पानांवरून चालतो. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः याच जिल्ह्यात, आणि त्यालाही असाच उथळ काठ लागतो.

एवढं करून तलावात गवत्या मासा सोडला, तर तो लावलेलं सगळं खाऊन टाकतो. म्हणून तलाव ठेक्याने घेणाऱ्या मासेमार संस्थांनी तो सोडू नये. पावसाच्या सुरुवातीला, मासे अंड्यावर असताना, जाळी बंद ठेवावीत. आणि पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा कुदळी काढाव्यात, कारण काठाला बेशरमीचे कोंब फुटलेले असणारच.