लेन्सची डबी

बोटाच्या टोकावर ठेवलेली ही कॉन्टॅक्ट लेन्स पाहा. उजेडात धरली तर फक्त तिची कड दिसते. कडा वाटीसारख्या सरळ वर उभ्या आहेत, म्हणजे बाजू बरोबर आहे. त्या बशीसारख्या बाहेर फाकल्या असत्या, तर लेन्स उलटी झाली असं समजायचं.

१९६१ च्या नाताळात ओटो विख्टर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञाने अशी मऊ लेन्स स्वतःच्या घरी बनवून दाखवली. मुलांच्या खेळण्यातले जोडायचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो, एवढ्यावर त्यांनी यंत्र उभं केलं होतं. त्याआधी लेन्स असायच्या काचेच्या, पुढे कडक प्लास्टिकच्या. विख्टर्ले यांनी वापरलेला पदार्थ मात्र पाणी पिणारा होता. पाणी शोषलं की तो मऊ होतो, आणि म्हणूनच डोळ्यात टोचत नाही.

हा गुण लक्षात ठेवा. लेन्सला आराम देणारं पाणी आणि नळातून येणारं पाणी यांत फार अंतर आहे.

नळाचं पाणी पिण्यासाठी स्वच्छ असेल. पण त्यात अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. टाकीत, पोहण्याच्या तलावात, मातीत, तो कुठेही सापडतो. पोटात गेला तरी सहसा काही बिघडत नाही. लेन्सला चिकटून डोळ्यावर जाऊन बसला, तर मात्र भयंकर वेदना. वर स्वतःभोवती टणक कवच करून तो क्लोरीनलाही दाद देत नाही. उपचार महिनोन् महिने चालतात, आणि नजर पूर्ववत होईलच असं नाही. असा संसर्ग क्वचितच होतो, हे खरं. पण लेन्स नळाखाली धरण्यात काडीचाही फायदा नाही, मग तो धोका घ्यायचाच कशाला? आंघोळीला जाताना, पोहायला उतरताना लेन्स काढून ठेवा. घाईत लेन्स तोंडात ओली करून घालणारी माणसंही आहेत. कृपा करून असं कधीही करू नका.

हात साबणाने धुतले, आता ते नीट कोरडे करा, अगदी बोटांच्या मधली जागासुद्धा. या ओल्या बोटांवरूनच नळाचं पाणी लेन्सपर्यंत पोचतं, आणि नेमकं हेच बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

आता तळहातावर लेन्स, तिच्यावर सोल्यूशनचे, म्हणजे लेन्स साफ करायच्या द्रवाचे थेंब. बोटाने हलकेच चोळायचं, एक बाजू, मग दुसरी. चोळण्याची गरज नाही असं बाटलीवर लिहिलेलं असलं, तरी चोळाच. दिवसभर अश्रूंमधली प्रथिनं आणि तेलकटपणा लेन्सवर साचतो, तो नुसत्या भिजवण्याने सुटत नाही. चोळून झालं की पुन्हा ताज्या सोल्यूशनने धुवायचं.

आणि ही डबी. या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित वस्तू कुठली असेल, तर हीच. झाकण उघडून आत बोट फिरवा. बुळबुळीत लागतंय? तो जंतूंनी स्वतःभोवती विणलेला थर आहे, त्याच्या आड ते सोल्यूशनपासून सुरक्षित राहतात. कालच्या सोल्यूशनमध्ये आज थोडं नवं ओतून काम भागवणं म्हणजे या थराला रोज पोसणं. वापरलेल्या सोल्यूशनचा जोर कालच संपलेला असतो. म्हणून सकाळी लेन्स घातल्या की डबी पूर्ण रिकामी करा, ताज्या सोल्यूशनने आतून चोळून धुवा, स्वच्छ टिश्यूने पुसा आणि झाकणं काढून पालथी वाळत ठेवा. बाथरूममध्ये मात्र नको, तिथे सतत दमट असतं. दर ३ महिन्यांनी डबी टाकून नवी घ्या. सोल्यूशनच्या बाटलीसोबत पुष्कळदा नवी डबी मिळते, आणि आपण ती खणात ठेवून जुनीच वापरत राहतो.

महिनाभराची लेन्स म्हणजे पाकीट फोडल्यापासून एक महिना. मध्ये १० दिवस घातली नाही, म्हणून ते दिवस पुढे जोडता येत नाहीत.

झोपेबद्दलही सांगायला हवं. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, जाग असताना तो प्राणवायू घेतो थेट हवेतून. मिटलेल्या पापणीखाली आधीच तो कमी मिळतो, त्यात वर लेन्स. अशा गुदमरलेल्या पडद्यावर जंतूंचं फावतं. लेन्स घालून झोपणाऱ्यांमध्ये संसर्गाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. दुपारची डुलकीसुद्धा झोपच आहे.

एवढं करूनही एखाद्या दिवशी डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागलं, तर लेन्स लगेच काढा. उद्यापर्यंत थांबून पाहू नका, घरातले जुने थेंबही घालू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. आणि जाताना ती लेन्स आणि ही डबी, न धुता, सोबत घ्या. कोणत्या जंतूशी गाठ आहे, हे कधी कधी डबीतल्या थेंबभर द्रवातून कळतं.