ब्रँडी ओळखताना

(दृश्य: डिसेंबरमधील पहाट. तोरणमाळच्या पठारावर गवताला लागलेले गोठलेले दव.)

सातपुड्यात ऐन हिवाळ्यात कधी कधी इतकी थंडी पडते की तोरणमाळ आणि डाब परिसरात गवतावरचे दव गोठते, आणि खाली धुळे-जळगावच्या सपाटीवरही रात्री शेकोट्या पेटतात. याच दिवसांत खानदेशातील अनेक घरांमध्ये औषधांच्या कप्प्यातून एक लहान बाटली बाहेर निघते. ज्या घरात मद्याला उंबरठा ओलांडू दिला जात नाही, त्या घरातही ब्रँडीची ही बाटली असू शकते, कारण ती दारू म्हणून आणलेलीच नसते. सर्दीवर, खोकल्यावर, बाळंतिणीच्या अंगदुखीवर उपाय म्हणून ती जपलेली असते.

ब्रँडीविषयी बोलताना सुरुवात या समजुतीपासूनच करावी लागते. ब्रँडी घेतल्यावर अंगात ऊब आल्यासारखे वाटते ते खरे आहे, परंतु ती ऊब फसवी असते. मद्यामुळे त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतले उष्ण रक्त त्वचेकडे येते, आणि शरीर आपली उष्णता नेहमीपेक्षा वेगाने बाहेर टाकू लागते. कडाक्याच्या थंडीत उघड्यावर असलेल्या माणसाला त्यामुळे अपायच होतो. लहान मुलाला चमचाभर ब्रँडी पाजणे तर सर्वस्वी चुकीचे आहे. मुलाचे यकृत मद्य पचवण्यास समर्थ नसते आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. अंगावर पाजणाऱ्या आईने घेतलेले मद्यही दुधात उतरते. औषध म्हणून असलेला ब्रँडीचा मान इथेच संपतो. मात्र मद्य म्हणून ती काय आहे, हे जाणून घेण्यासारखे पुष्कळ उरते.

फळाचा रस आंबवला की त्याची वाइन होते, आणि ती वाइन भट्टीवर गाळली की ब्रँडीचा कच्चा अर्क मिळतो. साधारण नऊ लिटर वाइनमधून एक लिटर अर्क हाती येतो. गाळण्याने मद्यार्काबरोबर फळाचा सुगंधही एकवटतो, आणि म्हणूनच ज्या फळात मुळात काही सांगण्यासारखे नाही, त्याची ब्रँडीही मुकी निघते.

(दृश्य: अक्कलकुवा तालुक्यातील एक पाडा. मोहाच्या झाडाखाली फुले वेचणाऱ्या स्त्रिया.)

गाळण्याची ही विद्या खानदेशाला परकी नाही. मार्च-एप्रिलमध्ये अक्कलकुवा आणि धडगाव परिसरात मोहाची फुले पहाटेच्या सुमारास झाडाखाली पडू लागतात, आणि भिल्ल व पावरा कुटुंबांतील बायका-मुले उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन निघतात. मांसल आणि साखरेने भरलेली ही फुले अंगणात वाळवली जातात. नंतर ती काही दिवस पाण्यात भिजत ठेवून आंबवली जातात, आणि मग चुलीवरच्या भांड्यातून उठणारी वाफ वरच्या थंड पाण्याच्या भांड्याखाली निववून अर्क धरला जातो. होळीच्या दिवसांत, लग्नात, देवकार्यात हा अर्क आधी देवाला आणि पूर्वजांना वाहिला जातो, मग माणसांत फिरतो. फळाच्या जागी फूल आहे आणि अर्क लाकडात मुरवला जात नाही, एवढे दोन फरक सोडले तर मोहाचा अर्क आणि फ्रान्समधील द्राक्षाचा अर्क एकाच कुळातले आहेत. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला वारसा मद्य म्हणून परवान्याच्या चौकटीत आणले आहे. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय दारू गाळणे हा दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि आपल्याच डोंगरातल्या या सुगंधाला प्रतिष्ठेची बाटली मिळू नये, याचे वाईट वाटते.

भट्टीजवळची आणखी एक गोष्ट इथल्या लोकांना ठाऊक असते. आपल्याकडे पहिल्या धारेची दारू कडक म्हणून तिचे कौतुक होते. फ्रान्समधील कोन्यॅक या ब्रँडीचा भट्टीवाला मात्र पहिली धार बाजूला काढतो. तिच्यात लवकर उडणारे, नाकाला झोंबणारे घटक एकवटलेले असतात. त्यामागून येणारा स्वच्छ भाग, ज्याला तिथे भट्टीचे हृदय म्हणतात, तेवढाच पिंपात जातो. शेवटची जड, ओशट वासाची धार पुन्हा वेगळी काढली जाते. कुठे थांबायचे आणि कुठे पुन्हा धरायचे, यावर त्या भट्टीवाल्याची सगळी कीर्ती अवलंबून असते.

(दृश्य: तांब्याची गोलाकार भट्टी, तिची हंसाच्या मानेसारखी वळलेली नळी.)

कोन्यॅक हे पश्चिम फ्रान्समधील एका गावाचे नाव आहे, आणि त्याच्या भोवतालच्या ठरवून दिलेल्या प्रदेशातील ब्रँडीलाच ते नाव लावता येते. या प्रदेशाच्या सीमा १९०९ मध्ये आखल्या गेल्या. त्यात सहा विभाग आहेत. चुनखडीची जमीन असलेला ग्रांद शांपान्य हा त्यांतला सर्वांत मानाचा विभाग होय. नाव तेच असले तरी फेसाळ शॅम्पेनचा प्रदेश वेगळा आहे, हे इथे लक्षात ठेवले पाहिजे. बहुतेक कोन्यॅक युनी ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षापासून होते, आणि हे द्राक्ष खायला मुळीच चांगले नसते. नाशिकचे थॉमसन सीडलेस ज्या गोडीसाठी जगभर जाते, ती गोडी ब्रँडीच्या कामाची नसते. इथे पातळ, आंबट आणि आठ ते दहा टक्के मद्यार्काची वाइन लागते. एरवी वाइन टिकावी म्हणून वापरले जाणारे गंधकाचे संयुग भट्टीत दोष निर्माण करते, त्यामुळे ते इथे वर्ज्य असते आणि वाइन टिकवण्याचे काम आंबटपणाकडे सोपवलेले असते. तांब्याच्या भट्टीत ती दोनदा गाळली जाते. दुसऱ्या वेळी निघणारा अर्क सुमारे सत्तर टक्के मद्यार्काचा आणि पाण्यासारखा पारदर्शक असतो.

रंग, व्हॅनिलासारखा गंध आणि जिभेवरचा मऊपणा हे त्यानंतर ओक लाकडाच्या पिंपात येतात. कोन्यॅक किमान दोन वर्षे पिंपात राहिलीच पाहिजे, आणि बाटलीवरची इंग्रजी अक्षरे याच काळाचा हिशेब सांगतात. व्हीएस म्हणजे मिश्रणातील सर्वांत तरुण अर्क किमान दोन वर्षांचा, व्हीएसओपी म्हणजे चार वर्षांचा. एक्सओसाठी पूर्वी सहा वर्षे पुरत असत, परंतु २०१८ पासून दहा वर्षे लागतात. बाटलीत यापेक्षा कितीतरी जुने अर्कही मिसळलेले असू शकतात. मुरण्याच्या काळात दरवर्षी सुमारे दोन टक्के द्रव हवेत उडून जातो, आणि फ्रेंच माणूस त्याला देवदूतांचा वाटा म्हणतो. भुसावळच्या मे महिन्यात, जिथे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो, तिथे एखादे पिंप ठेवले तर हा वाटा कितीतरी मोठा होईल आणि लाकूडही आपला गुण फार लवकर सोडेल. त्यामुळे उष्ण देशातील एक वर्ष आणि कोन्यॅकमधील एक वर्ष यांची तुलना नुसत्या आकड्यांवरून करता येत नाही.

कोन्यॅकच्या दक्षिणेला, गास्कनी प्रांतात, आर्मान्याक तयार होते. तिचा लेखी उल्लेख चौदाव्या शतकाच्या आरंभापासून मिळतो, म्हणजे ती कोन्यॅकपेक्षा जुनी आहे. ती बहुधा सलग चालणाऱ्या भट्टीतून एकदाच गाळली जाते आणि कमी कडक असताना पिंपात जाते, त्यामुळे द्राक्षाचा आणि मातीचा रांगडा गंध तिच्यात अधिक उरतो. तेथील लहान शेतकरी आजही एकेका वर्षाच्या पिकाची ब्रँडी वेगळी ठेवून बाटलीवर ते वर्ष छापतात. कोन्यॅकच्या मोठ्या घराण्यांच्या जाहिरातींपुढे आर्मान्याक झाकली गेली असली, तरी त्याच पैशांत अधिक व्यक्तिमत्त्व असलेली ब्रँडी हवी असेल, तर आमच्या मते आर्मान्याककडे आधी पाहावे.

स्पेनमधील हेरेझची ब्रँडी गोडसर आणि गडद असते. ती शेरी ही तिथली वाइन ठेवलेल्या पिंपांत मुरते, आणि तिची रीत मोठी विलक्षण आहे. पिंपांच्या रांगा एकीवर एक रचलेल्या असतात. विक्रीसाठी सर्वांत खालच्या रांगेतून थोडाच भाग काढतात, ती तूट वरच्या रांगेतून भरतात, आणि सर्वांत वर नवा अर्क ओततात. जुन्या दह्याचे विरजण रोज नव्या दुधात उतरत राहावे, तसा जुन्या ब्रँडीचा अंश खालच्या पिंपातून कधीच पूर्ण संपत नाही.

द्राक्ष सोडून इतर फळांच्या ब्रँडीही आहेत. नॉर्मंडीतील सफरचंदांची कालव्हादोस किमान दोन वर्षे ओकमध्ये राहते. मध्य युरोपात चेरीची कीर्श आणि आलुबुखाराची स्लिव्होव्हित्स या बहुधा रंगहीनच ठेवल्या जातात, कारण तिथे लाकडापेक्षा फळाचा गंध मोलाचा मानतात. पेरू देशातील पिस्को द्राक्षाचीच असते, मात्र ती लाकडाला न लावता किमान तीन महिने ठेवतात आणि तिच्यात पाणीही मिसळत नाहीत. इटलीची ग्रापा रस काढल्यानंतर उरलेल्या द्राक्षांच्या चोथ्यापासून होते. रावेर-यावलच्या केळीबागांतून फिरताना एक प्रश्न मनात येतोच, आणि त्याचे उत्तर असे की केळीपासूनही मद्य गाळता येते. युगांडात ते घरोघर गाळले जाते.

(दृश्य: जळगावमधील दुकानाच्या फळीवर रांगेने ठेवलेल्या बाटल्या.)

आता आपल्या दुकानातील बाटलीकडे वळू. युरोपीय संघाच्या नियमानुसार ब्रँडी द्राक्षाच्या वाइनपासूनच झाली पाहिजे आणि ती ओकमध्ये किमान एक वर्ष, किंवा हजार लिटरपेक्षा लहान पिंपात किमान सहा महिने, राहिली पाहिजे. भारतात चित्र वेगळे आहे. उसाच्या मळीपासून किंवा धान्यापासून काढलेला, स्वतःचा वास-चव नसलेला शुद्ध मद्यार्क हा इथल्या बहुतेक स्वस्त ब्रँडीचा पाया असतो. त्यात द्राक्षाचा अर्क, कॅरमलचा म्हणजे करपवलेल्या साखरेचा रंग आणि सुगंध मिसळले जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनुसार मिश्र ब्रँडीत द्राक्ष-ब्रँडीचा अंश किमान दोन टक्के असला तरी चालतो. शहाद्याच्या ऊसपट्ट्यात मळी म्हणजे काय, हे कुणाला सांगावे लागत नाही. तीच मळी द्राक्षाच्या घडाचे चित्र लावून आपल्यासमोर येते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ही बेकायदा गोष्ट नाही आणि असे पेय नियमांप्रमाणे तयार झालेले असते, परंतु त्याची बरोबरी कोन्यॅकशी करू नये. ब्रँडीचा सर्वांत मोठा ग्राहक आपल्या देशात दक्षिणेकडे, तमिळनाडू, केरळ, कर्नाटक आणि आंध्रात आहे, आणि त्याला पुरवठा करणारी एक मोठी कंपनी आपल्याच महाराष्ट्रात, श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरात, १९३३ मध्ये सुरू झालेल्या साखर व्यवसायातून वाढली आहे.

म्हणून बाटली हातात घेतल्यावर आधी ती उलटी फिरवावी आणि मागची बारीक अक्षरे वाचावीत. केवळ द्राक्षाचा अर्क लिहिला आहे की मद्यार्काबरोबर द्राक्षाचा अर्क, हे तिथे कळते. पुढच्या बाजूला व्हीएसओपी किंवा एक्सओ लिहिलेले असले, तरी ही बाटली कुठल्या देशाची आहे ते पाहावे, कारण चार किंवा दहा वर्षांचा तो नियम कोन्यॅकच्या प्रदेशाचा आहे. भारतीय बाटलीला तो बांधत नाही. गडद रंगावर विश्वास ठेवू नये. कॅरमल खुद्द कोन्यॅकमध्येही चालते, त्यामुळे रंगावरून वय ठरत नाही. भारतीय बाटलीवर दिसणारे ४२.८ टक्के हे प्रमाण जुन्या ब्रिटिश मापनपद्धतीतून आले आहे, त्याचा दर्जाशी संबंध नाही.

निवड कशासाठी करायची, हेही आधी ठरवावे. सोडा, आल्याचे पेय किंवा गरम पाणी घालायचे असेल, तर महागड्या एक्सओवर पैसे खर्च करण्यात अर्थ नाही. व्हीएस किंवा चांगली भारतीय द्राक्ष-ब्रँडी पुरेशी असते. नुसती, सावकाश, घोट घोट घ्यायची असेल, तरच मुरण्याच्या वर्षांचे मोल वसूल होते. खानदेशी जेवणाबरोबर ती घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. काळ्या मसाल्याच्या रश्श्याने किंवा शेवभाजीने तापलेल्या जिभेला दहा वर्षांच्या लाकडाचा गंध कळणार नाही. जेवण आटोपून अर्धा-पाऊण तास गेल्यावर, तोंडाशी निमुळत्या होणाऱ्या लहान ग्लासात थोडीशी घ्यावी. नाक ग्लासात खुपसू नये, थोडे दूर धरावे, म्हणजे मद्यार्काच्या झोताआधी फळ येते. ग्लास मेणबत्तीवर तापवण्याची चित्रपटांत दिसणारी पद्धत सुगंध उडवून लावते. तळहाताची ऊब पुरेशी आहे.

खरेदी परवानाधारक दुकानातूनच, सील पाहून करावी. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल हा विषारी मद्यार्क मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे मारली, आणि मिथेनॉल चवीवरून किंवा वासावरून ओळखता येत नाही. महाराष्ट्रात ब्रँडीसारखे कडक मद्य घेण्यासाठी वय पंचवीस वर्षे पूर्ण असावे लागते, आणि परवानाही लागतो. नवापूरकडच्या प्रवाशांनी हेही ध्यानात ठेवावे की सीमेपलीकडे गुजरातेत दारूबंदी आहे.

घरी आणलेली बाटली उभी ठेवावी. वाइनची बाटली आडवी ठेवतात, पण ब्रँडीतील कडक मद्यार्क बुचाला सतत लागत राहिला तर बूच झिजते. उन्हापासून आणि चुलीच्या उष्णतेपासून ती दूर असावी. बाटली अर्ध्याहून खाली आली की आतल्या हवेने सुगंध हळूहळू विरतो, म्हणून ती वर्षभरात संपवणे किंवा लहान बाटलीत काढून ठेवणे बरे. न उघडलेली बाटली मात्र वर्षानुवर्षे तशीच राहते, आणि तिचे वयही वाढत नाही. ब्रँडी लाकडात मुरते, काचेत मुरत नाही. त्यामुळे चार वर्षांची ब्रँडी कपाटात वीस वर्षे ठेवली, तरी ती चार वर्षांचीच असते.