‘ते’ कोण आणि ‘दुसरे’ कोण?

नमस्कार, श्रोतेहो. नामाऐवजी येतं ते सर्वनाम, हे शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलंय. कुठल्या नामाऐवजी, हे मात्र ऐकणाऱ्यानं ठरवायचं असतं. राजकारण्यांचं तिथेच फावतं.

जानेवारी २०१२. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडणारे रिक सँटोरम सरकारी मदतीवर बोलत होते. आशय असा, की कृष्णवर्णीयांना दुसऱ्या कुणाचे पैसे देऊन त्यांचं आयुष्य सुधारणं मला नको. गदारोळ उठल्यावर म्हणाले, मी ‘ब्लॅक’ म्हणालोच नाही, जीभ अडखळली, ‘ब्लाह’ असं काहीतरी निघालं! सगळा वाद त्या एका शब्दावर रंगला. मला विचाराल तर खरी गोम ‘दुसऱ्या कुणाचे’ यात आहे. तो वादाचा शब्द गाळा, तरी ‘ते’ घेणारे आणि ‘दुसरे’ देणारे ही वाटणी उरतेच. जणू कृष्णवर्णीय माणूस कर भरतच नाही. शिवाय ज्या आयोवात हे बोलणं झालं, तिथे फूड स्टँप, म्हणजे गरिबांना अन्नखरेदीसाठी मिळणारी सरकारी मदत, घेणाऱ्यांत बहुसंख्य गोरेच होते.

त्याच पक्षाच्या उमेदवारीसाठी लढणाऱ्या रोनाल्ड रेगन यांनी १९७६च्या प्रचारात सरकारी मदत लाटणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगितली, पण वंशाचं नावही घेतलं नाही. शिकागोतली एक बाई, ८० नावं, ३० पत्ते, १५ टेलिफोन नंबर. चक्क एकवचन. अनेकवचन ऐकणाऱ्यांनी केलं, आणि रंगही त्यांनीच भरला.

आपण तरी काय करतो? ‘मदतीवर जगणारे कृष्णवर्णीय’ असं बातमीत येतं. म्हणजे त्यांच्यातले मदत घेणारे तेवढेच, की सगळेच मदतीवर जगतात? दोन्ही अर्थ बसतात. ‘जे कृष्णवर्णीय मदत घेतात, ते’ असं म्हटलं की घोळ मिटतो. पण मथळ्यात ‘जे-ते’ला जागा कुठली!

कधी कधी तर शब्द अगदी सोज्वळ असतात. अमेरिकेचाच १९३५चा सोशल सिक्युरिटी, म्हणजे सामाजिक सुरक्षेचा, कायदा घ्या. वृद्धांच्या पेन्शनमधून वगळले कोण, तर शेतमजूर आणि घरकामगार. वंशाचा उल्लेख नाही. पण दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय बहुतेक हीच कामं करत होते. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा त्यात समावेश व्हायला १९५०ची दुरुस्ती यावी लागली, आणि तीसुद्धा नियमित कामावर असलेल्यांपुरती.